लाल मिनी, ३८,००० किलोमीटर आणि सहा कोरी वर्षे

वाचकाचे पत्र

मी बडोद्यात मांजलपूरला राहते आणि मकरपुऱ्यातील एका कारखान्यात डिझाइन विभागात काम करते. घरात बाबांची वॅगन आर आहे. मी रोज स्कूटरने जाते. काही वर्षे पैसे साठवून १३ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत आणि त्यातून छोटी, चपळ, चालवताना आनंद देणारी एखादी जुनी गाडी घ्यायची आहे. येथील एका विक्रेत्याकडे २०१३ ची लाल मिनी कूपर एस आहे. ती ३८,००० किलोमीटर चालली आहे, नोंदणी पुण्याची आहे आणि सध्याचे मालक दुसरे असून मुंबईत राहतात. विक्रेता साडेअकरा लाख मागतो. २०१९ पर्यंतच्या सर्व्हिसची नोंद कंपनीकडे आहे. पुढची सहा वर्षे काम ‘ओळखीच्या गॅरेजमध्ये’ झाले असे तो सांगतो, पण बिले नाहीत. गाडी २०२४ च्या पावसाळ्याआधीपासून बडोद्यातच उभी आहे. दुसरीकडे भावाच्या मित्राची २०१७ ची पोलो जीटी टीएसआय साडेसहा लाखांत मिळते आहे. बाबा म्हणतात की जुनी परदेशी गाडी म्हणजे विकत घेतलेले दुखणे. माझा जीव मात्र मिनीत अडकला आहे. ही गाडी भरवशाची निघेल की नाही हे कसे ओळखावे? विक्रेता २५,००० रुपये टोकन मागतो आहे.

— एक वाचक, बडोदे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

टोकन आत्ता देऊ नका. टोकन दिल्यावर माणूस गाडी तपासायला जात नाही, घेतलेला निर्णय बरोबर होता याची खात्री करून घ्यायला जातो, आणि तुमचा जीव आधीच त्या गाडीत गुंतलेला असल्यामुळे तुमच्या बाबतीत तो धोका अधिक आहे. गाडी आवडली आहे, तपासणी समाधानकारक झाली तर त्याच दिवशी व्यवहार करू, असे विक्रेत्याला स्पष्ट सांगा. एवढ्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाची भीती घालू लागला, तर ती भीती त्याच्यापाशीच राहू द्या. साडेअकरा लाखांची बारा वर्षांची मिनी घेणारे लोक बडोद्यात रोज रांग लावत नाहीत.

तुम्ही विचारता की ही गाडी भरवशाची निघेल का. मिनी कूपर एस ही गाडी भरवशाची आहे का, या प्रश्नापेक्षा हा प्रश्न वेगळा आहे, आणि तुम्ही तो नेमका विचारला आहे याचे मला समाधान वाटते. एखाद्या मॉडेलची कीर्ती किंवा अपकीर्ती आपल्याला कुठे पाहायचे ते सांगते. तिथे काय दिसेल ते मात्र त्या एका गाडीच्या मालकांनी तिला कसे वागवले यावर ठरते. बारा वर्षांनंतर दोन सारख्या मिनींमधला फरक हा मिनी आणि पोलो यांच्यातील फरकापेक्षा मोठा असू शकतो. म्हणून या गाडीचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य तिचा लाल रंग नाही आणि ३८,००० हा आकडाही नाही. २०१९ नंतरची बिले नसलेली सहा वर्षे हेच ते वैशिष्ट्य आहे, आणि तुमची सगळी तपासणी त्या सहा वर्षांच्या शोधासाठी असायला हवी.

आधी या इंजिनाची ओळख करून घेऊ. मिनी हा ब्रँड बीएमडब्ल्यूने भारतात २०१२ मध्ये आणला, आणि तुमच्या गाडीत बीएमडब्ल्यूने फ्रान्सच्या पेजो-सित्रोएन समूहाबरोबर विकसित केलेले १.६ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे, ज्याची ताकद १८४ अश्वशक्ती आहे. याच इंजिनाची आधीची आवृत्ती टायमिंग चेनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह व पिस्टन यांची वेळ जुळवणाऱ्या साखळीच्या, तक्रारींमुळे जगभर बदनाम झाली होती. तुमच्या गाडीतील एन१८ ही सुधारित आवृत्ती आहे आणि ती पुष्कळ बरी आहे, मात्र निर्दोष नाही. तिच्यातही चेन घट्ट ठेवणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर काम करतो. तेल वेळेवर बदलले नाही, किंवा इंजिन थोडे थोडे तेल पीत असताना ते कोणी वरचेवर पाहिले नाही, की टेन्शनरचा दाब कमी पडतो, चेन सैल होते, तिचे मार्गदर्शक प्लॅस्टिक झिजते आणि शेवटी व्हॉल्व्ह व पिस्टन यांचा ताळमेळ बिघडू शकतो. या एका साखळीवर या इंजिनाचे आयुष्य अवलंबून आहे आणि ती साखळी तेलावर अवलंबून आहे. आता सहा वर्षे बिले नाहीत याचा अर्थ लक्षात घ्या. त्या काळात तेल किती वेळा बदलले, कोणत्या प्रतीचे घातले, हे कोणालाही ठाऊक नाही.

तेव्हा विक्रेत्याकडे पहिली मागणी त्या ‘ओळखीच्या गॅरेज’चे नाव आणि फोन नंबर ही करा. गॅरेज खरोखर असेल तर तिथल्या मिस्त्रीला ही लाल मिनी आठवत असेल, कारण अशा गाड्या एखाद्या गॅरेजमध्ये पाच-पंचवीस येत नाहीत. तेल कोणत्या दर्जाचे घातले होते, इंजिनाचे तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटचे घर कधी बदलले, वॉटर पंपाचे काम झाले का, हे प्रश्न विचारा. उत्तरे तपशीलवार आली तर बिले नसली तरी काही अंशी भरवसा ठेवता येईल. नाव-नंबर मिळालाच नाही, तर सहा वर्षे काहीच झाले नाही असे धरून पुढचा हिशेब करा.

३८,००० किलोमीटर या आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. बारा वर्षांना भागले तर वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर होतात. हा आकडा खोटा असेल तर प्रश्नच मिटला; पण तो खरा असला तरी ती निखळ आनंदाची गोष्ट नाही. जी गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघते आणि पाच किलोमीटरांवरून परत येते, तिचे तेल पुरेसे तापत नाही, त्यातील ओलावा उडून जात नाही, रबरी सील कडक होतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो आणि बॅटरी पुनःपुन्हा मरते. दरवर्षी १०,००० किलोमीटर चाललेली आणि दरवर्षी तेल बदललेली ९०,००० ची मिनी मी या गाडीआधी पाहायला जाईन.

आकडा खरा आहे का हे पडताळणे मात्र अवघड नाही. अधिकृत सेवाकेंद्रात चासी क्रमांक देऊन २०१९ पर्यंतच्या प्रत्येक भेटीचे किलोमीटर मागा. त्या वर्षी गाडीवर ३४,००० असतील तर पुढच्या सहा वर्षांत ती जवळजवळ उभीच होती हे कळेल, आणि ४१,००० असतील तर पुढे काहीच पाहायची गरज उरणार नाही. मिनीच्या किल्लीतही किलोमीटरची नोंद साठते आणि सेवाकेंद्रातील यंत्र ती वाचू शकते, म्हणून दोन्ही किल्ल्या मागून घ्या. शिवाय डोळ्यांना दिसणारी झीज खोटे बोलत नाही. चालकाच्या सीटची दाराकडची उशी, स्टिअरिंगचे चामडे, ब्रेकच्या पेडलचे रबर आणि गिअरच्या दांड्याची मूठ ३८,००० च्या गाडीत जवळपास नव्यासारखी असायला हवी.

आता बडोद्यात राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येईल त्या गोष्टीकडे वळतो. ऑगस्ट २०२४ अखेरच्या पुरात विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली, अकोटा, समा, फतेगंज अशा कितीतरी भागांत पाणी शिरले आणि तळघरांतल्या व रस्त्यांवरच्या असंख्य गाड्या बुडाल्या. तुमची मिनी त्याआधीपासून शहरात उभी आहे. त्या आठवड्यात ती नेमकी कुठे होती, हा प्रश्न विक्रेत्याला सरळ विचारा, आणि उत्तर काहीही आले तरी स्वतः पाहा. मिनी जमिनीला लागून असते. इतर गाड्यांच्या पायरीपर्यंत आलेले पाणी तिच्या आत शिरलेले असते. शिवाय या पिढीच्या मिनीत दिवे, काचा आणि दरवाजे यांचे नियंत्रण करणारा एक इलेक्ट्रॉनिक डबा समोरच्या पायांजवळच्या बाजूच्या पॅनेलमागे असतो. पुरात सापडलेल्या गाडीत पाणी पहिल्यांदा त्याच उंचीवर पोहोचते.

पुराच्या खुणा शोधताना वरवरच्या गोष्टी सोडून द्या, कारण गालिचे धुता येतात आणि वास मारण्यासाठी सुगंधी द्रव्ये मिळतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा आणि गुंडाळीच्या आतल्या भागावर मातीची रेघ किंवा डाग दिसतो का ते पाहा; तिथपर्यंत हात घालून कोणी धूत नाही. सीटखालच्या रुळांचे स्क्रू गंजलेले आहेत का, गालिच्याखालचा फोम दाबल्यावर दमट लागतो का, फ्यूजच्या डब्यातील तांब्याच्या टोकांवर हिरवा गंज आला आहे का, पुढच्या दिव्यांच्या काचेत आतून वाफ धरली आहे का, डिकीच्या तळाशी बारीक गाळ साचला आहे का, हे सगळे टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसून पाहायचे आहे. पाण्यात राहिलेल्या गाडीचा त्रास लगेच दिसत नाही. वर्ष-दीड वर्षाने एकेक जोड गंजू लागतो, आज काच उतरत नाही, उद्या दिवा लागत नाही, परवा गाडी सुरू होत नाही, आणि मेकॅनिक प्रत्येक वेळी वेगळा भाग बदलतो. इतर कोणत्याही दोषाची किंमत ठरवता येते. पुराच्या दोषाची ठरवता येत नाही. म्हणून यांतील दोन खुणा जरी एकत्र दिसल्या, तरी किमतीत कितीही सूट मिळत असली तरी ही गाडी सोडून द्या.

याबाबतीत कागदही साक्ष देतात. विम्याच्या मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागा. ज्या वर्षी मालक नुकसानभरपाई घेत नाही, त्या वर्षानंतर नूतनीकरणाच्या वेळी त्याला ‘नो क्लेम बोनस’ मिळतो, जो २०, २५, ३५, ४५ असा चढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोहोचतो. २०२४ च्या पॉलिसीवर ४५ किंवा ५० टक्के आणि पुढच्या पॉलिसीवर शून्य असेल, तर मधल्या काळात मोठा दावा झाला होता असे समजायला जागा आहे, आणि तो कशाचा होता हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पॉलिसी केवळ थर्ड पार्टीची असेल तर ही खूण मिळणार नाही, पण १८४ अश्वशक्तीच्या गाडीला केवळ थर्ड पार्टी विमा का घेतला होता हा स्वतंत्र प्रश्न उभा राहील. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते आणि तिचा सांगाडा लिलावात जातो. तिथून स्वस्तात उचलून, साफसूफ करून पुन्हा रस्त्यावर आणलेल्या गाड्या बाजारात असतात. मला या व्यवहाराची मनापासून चीड आहे, कारण त्यात फसतो तो नेहमी तुमच्यासारखा पै-पै साठवून आवडीची गाडी घेणारा माणूस.

हे सर्व नीट निघाले तर मग गाडी सुरू करून पाहा, तीही पूर्ण थंड असताना. सकाळी पोहोचाल तेव्हा बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागले तर कोणीतरी आधी इंजिन गरम करून ठेवले आहे असे समजून दुसऱ्या दिवशी न कळवता जा. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत बॉनेटखालून साखळी डब्यात खडखडावी तसा आवाज आला तर तो टायमिंग चेनचा. स्टार्टर बराच वेळ फिरत राहून मग इंजिन कसेबसे पकडत असेल, तर पेट्रोलचा उच्च दाबाचा पंप थकला असण्याची शक्यता आहे, जी या इंजिनाची दुसरी सर्वज्ञात तक्रार आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. थंडीतली थोडी पांढरी वाफ मात्र स्वाभाविक आहे. तेलाची डिपस्टिक स्वतः ओढून पाहा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर त्या गाडीची काळजी कशी घेतली गेली याचे उत्तर तुम्हाला तिथेच मिळाले.

चाचणीसाठी अलकापुरीतून एक चक्कर पुरेशी नाही. आधी दुपारच्या गर्दीत रावपुरा ते मांडवी असे रांगत जा, मग अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर काही अंतर स्थिर वेगाने चालवा, आणि परत येऊन एसी चालू ठेवून दहा मिनिटे इंजिन तसेच चालू राहू द्या. या मिनीत इंजिनाच्या तापमानाचा काटाच नाही, फक्त धोक्याचा दिवा आहे, आणि तो लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडण्याच्या, खाचेत बसणारा छोटा स्कॅनर घेऊन जा आणि मोबाइलवर तापमान पाहत राहा. थर्मोस्टॅटचे प्लॅस्टिकचे घर आणि वॉटर पंप या इंजिनात वयानुसार गळू लागतात, आणि बडोद्याच्या मे महिन्यात कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी असलेल्या गाडीला क्षमा नाही. तोच स्कॅनर साठलेले दोषसंकेतही वाचेल. चाचणीच्या आधीच कोणी ते पुसून टाकले असतील, तर अनेक आंतरिक चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, आणि तेही एक उत्तरच आहे.

नंतर गाडी लिफ्टवर चढवायला लावा. खालून तेलाची गळती पाहायची आहेच, पण मिनीत आणखी एक गोष्ट आवर्जून पाहा. तिला रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे, टायर असतात, ज्यांच्या बाजू कडक असतात, आणि खड्ड्याचा धक्का पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकाला जाऊन तिथला पत्रा वर फुगतो. बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंची ती गोल टोके सपाट आहेत की मधोमध उचललेली, हे बोट फिरवून कळते. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, ज्यातील पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ३८,००० किलोमीटरमुळे टायरवर नक्षी शिल्लक असेल, तरी ते २०१७ चे असतील तर चारही टायर नवे घ्यावे लागतील असे धरा. डिकीत सुटे चाक नसते, हेही आधीच ठाऊक असू द्या. इंजिनाचे माउंट, सस्पेन्शनचे बुश, ब्रेक पॅड ही झिजणारी कामे आहेत. ती निघाली तर घाबरू नका, त्यांचे अंदाजपत्रक लिहून घ्या आणि किमतीतून वजा करायला सांगा.

आणखी एक काम बहुतेक वेळा विसरले जाते. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे आत हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हला पेट्रोलचा स्पर्श होत नाही आणि तिथे काजळीचे थर साचतात. गाडी उभी असताना चालू इंजिन थरथरत असेल किंवा वेग घेताना अडखळत असेल तर हे कारण असू शकते. अक्रोडाच्या टरफलांची भुकटी हवेच्या दाबाने मारून ते व्हॉल्व्ह साफ करता येतात. हे काम जाणणारे गॅरेज कुठे आहे ते व्यवहाराआधी शोधून ठेवा. पेट्रोलबद्दल एवढेच सांगतो की आता सर्वत्र मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी २०१३ च्या गाड्या बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका आणि रबरी नळ्या दर सर्व्हिसला पाहायला सांगा.

आता पैशांचे. १३ लाखांतून साडेअकरा गेले तर हाती दीड लाख राहतात, आणि नोंदणी, कर व विमा त्यातच बसवायचे आहेत. हे मला मान्य नाही. बिले नसलेल्या मिनीसाठी पहिल्या वर्षात किमान अडीच लाख वेगळे ठेवले नाहीत, तर पहिल्याच मोठ्या कामाला तुम्ही गाडी अंगणात उभी कराल आणि उभी राहिलेली गाडी आणखी बिघडेल. म्हणून सगळी तपासणी उत्तम निघाली तरी १० लाखांच्या वर जाऊ नका, आणि गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात तेल, फिल्टर, कूलंट, ब्रेकचे द्रव आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बदलून घ्या. गिअरबॉक्सच्या तेलाला ‘आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे कोणी सांगेल. बारा वर्षांच्या गाडीत ते ऐकू नका. इंजिनाचे तेल यापुढे दर वर्षी किंवा १०,००० किलोमीटरना, जे आधी येईल तेव्हा, बदलत राहा.

पोलोकडे वळू. १.२ लिटरचे १०५ अश्वशक्तीचे इंजिन मिनीच्या तुलनेत सौम्य आहे, तरी ती चालवायला आनंददायक गाडी आहे, आणि फोक्सवॅगनने २०२२ मध्ये पोलो बंद केली असली तरी तिचे पुष्कळसे सुटे भाग तिच्या भावंड गाड्यांशी समान असल्याने मिळतात. तिचा दुबळा भाग म्हणजे सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स. त्यातील दोन्ही क्लच कोरडे असतात, गर्दीत रांगताना ते तापतात, आणि गिअर बदलण्याचे नियंत्रण करणारा मेकाट्रॉनिक भाग बिघडला तर खर्च मोठा येतो. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी थरथरते का, रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर थांबून धक्क्याने मागे जाते का, हे गिअरबॉक्स चांगला तापल्यावर पाहा. भावाचा मित्र ओळखीचा आहे आणि गाडीची बिले दाखवू शकेल, ही पोलोची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, कारण मिनीत जे शोधायला तुम्हाला आठवडा लागेल ते इथे एका फाइलमध्ये मिळेल.

रोज मकरपुऱ्याला जायला आणि यायला ही एकच गाडी असती, तर मी निःसंकोच पोलो घ्या असे म्हटले असते. तुमच्याकडे स्कूटर आहे आणि घरात वॅगन आर आहे; मिनी चार दिवस गॅरेजमध्ये राहिली तरी तुमचे काम अडणार नाही. म्हणून मिनीची इच्छा अव्यवहारी आहे असे मी म्हणणार नाही. बाबांच्या बोलण्यात तथ्य आहे, मात्र ते मॉडेलबद्दल बोलत आहेत आणि निर्णय एका गाडीबद्दल करायचा आहे. त्यांना थंड इंजिन सुरू करण्याच्या वेळी आणि लिफ्टवरच्या तपासणीला सोबत घ्या. वर्षानुवर्षे एक गाडी नीट सांभाळलेल्या माणसाला गळती, खडखड आणि विक्रेत्याची टाळाटाळ आपल्यापेक्षा लवकर कळते. त्यातही सेवाकेंद्राची नोंद, पुराची तपासणी आणि थंड स्टार्ट या तिन्हींपैकी एकही गोष्ट करायला विक्रेत्याने नकार दिला, तर मिनीचा विषय तिथेच संपवून पोलो पाहायला जा.

शेवटी कागदपत्रे, कारण गाडी परराज्यातली आहे. आरसीवरील मुंबईच्या मालकांशी स्वतः फोनवर बोला. कोऱ्या फॉर्मवर आधीच सह्या घेऊन ठेवण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे आणि मालकाला आपली गाडी कोणाला, कितीला विकली जाते हे ठाऊकही नसते. गाडीवर कर्ज शिल्लक नाही आणि ई-चलान थकलेली नाहीत हे परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर पाहा. महाराष्ट्रातील आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३० मालकांच्या सह्यांनिशी घ्यावे लागतील, कर्ज फेडलेले असेल तर कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ सुद्धा. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेली गाडी तिथे नव्याने नोंदवावी लागते, आणि ही गाडी ती मुदत ओलांडून बसली आहे, तेव्हा गुजरातचा कर आणि विलंबाची रक्कम किती येईल हे बडोद्याच्या आरटीओत आधी विचारून ती कोण भरणार हे लेखी ठरवा. पेट्रोल गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२८ मध्ये संपेल. त्यानंतर योग्यता तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. रक्कम बँकेतूनच द्या आणि एनओसी हाती येईपर्यंत तिचा मोठा भाग रोखून ठेवा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळणार नाही, आणि विम्यातील थर्ड पार्टी भाग तुमच्याकडे आपोआप आला तरी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग येत नाही. त्यासाठी विकत घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. पॉलिसी संपलेली असेल तर कंपनी आधी गाडीची पाहणी करते, म्हणून ती पाहणी होऊन नवी पॉलिसी मिळेपर्यंत गाडी विक्रेत्याकडेच राहू द्या. नवी पॉलिसी घेताना पाण्यामुळे होणाऱ्या इंजिनाच्या नुकसानीचे वेगळे संरक्षण बारा वर्षांच्या गाडीला मिळते का, हे दोन-तीन कंपन्यांना विचारून पाहा. मिळाले नाही, तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती कोणत्या उंच जागी उभी राहील हे मांजलपूरच्या घरी आधी ठरवून ठेवा.